कुत्रा मार सहन करतो म्हणून

दोन वर्षांपूर्वी धाकट्या भावाने शेतावर एक गावठी कुत्रा आणला. संगमनेर तालुक्यात आमची थोडी शेती आहे, वीस-बावीस शेळ्या आहेत. उसात बिबट्या मुक्काम करतो, यात त्या भागात कुणाला नवल वाटत नाही. राखणीला कुत्रा हवाच होता. तरी घरात त्यावरून बरेच दिवस कुरकुर चालली.

अब्बांचे घराणे हनफी. अम्मी रत्नागिरीकडची, म्हणजे कोकणी आणि शाफई. हनफी मताप्रमाणे कुत्र्याची लाळ नापाक, पण कोरडे अंग कपड्याला लागले तर कपडा नापाक होत नाही. शाफईंचा नियम कडक. ओले अंग कुठेही लागले तरी सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने. इमाम मालिक यांच्या अनुयायांनी तर कुत्रा मुळात पाकच मानला. एका घरात दोन मझहब असले की असे प्रश्न जेवणाच्या दस्तरखानावर येतात. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचे एकमत होते. शिकार, जनावरांची राखण आणि शेती यांसाठी कुत्रा ठेवायला हदीसमध्ये स्पष्ट मुभा आहे. अम्मीने एवढेच बजावले, “खेत पेच रख, घर में मत ला.”

कुत्र्याचे नाव शेरू. अंगाने दणकट, पण अगदी अडाणी. शेळ्या राखण्याऐवजी त्यांच्यामागे धावायचा, शेजारच्या कोंबड्या उचलायचा. हाक मारली की उलट्या दिशेने पळायचा. भावाने चौकशी करून एक ट्रेनर गाठला. त्याने तीन आठवड्यांसाठी कुत्रा स्वतःकडे नेला. ‘काम चालू असताना मालकाने यायचे नाही’, ही त्याची अट.

शेरू परत आला तेव्हा ‘बस’ म्हटले की बसत होता. कोंबड्यांकडे बघतही नव्हता. पण कुणी टोपी सारखी करायला हात वर केला की जागच्या जागी मुतायचा. गळ्याभोवती केस गेलेला एक पट्टा उमटला होता. भुंकणे तर जवळजवळ बंदच झाले. महिन्याभरात बिबट्याने एक शेळी नेली. शेरू खाटेखाली होता.

भाऊ म्हणाला, “भाईजान, शिस्त तर लागली, पण कुत्रा गेला.” त्याचे हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. शिकवणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या लोकांनी पूर्वी केला असेल का, म्हणून मी जुनी पुस्तके काढली. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

‘मुकल्लिब’ कोण?

कुरआनात कुत्र्याचा उल्लेख मोजक्या ठिकाणी आहे. गुहेतल्या तरुणांबरोबर उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला कुत्रा सूरह कहफमध्ये भेटतो, तो बहुतेकांना ठाऊक असतो. सूरह माइदाची चौथी आयत त्या मानाने कमी चर्चिली जाते. तिच्यात शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेले सावज हलाल ठरवले आहे. शिकवणाऱ्यांसाठी तिथे ‘मुकल्लिबीन’ असा शब्द येतो. ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, आणि त्याच धातूपासून झालेला ‘मुकल्लिब’ म्हणजे कुत्र्याला शिकारीसाठी तयार करणारा. तुम्ही या जनावरांना जे शिकवता ते ज्ञान अल्लाहनेच तुम्हाला दिले आहे, असा तिथला आशय आहे.

म्हणजे कुत्रा तोच, दात तेच, सावजही तेच. पण अशिक्षित कुत्र्याने मारलेले जनावर हराम आणि शिकवलेल्या कुत्र्याने, अल्लाहचे नाव घेऊन सोडल्यावर, मारलेले हलाल. मधला फरक फक्त इल्मचा. आपल्या मोहल्ल्यात पोरे कुत्र्याला दगड मारतात आणि मोठी माणसे गालात हसतात. त्यांना आपल्याच ग्रंथातला हा फरक कुणी सांगितलेला नसतो.

दानशूर हातिमताईचे नाव आपल्याकडे किस्स्यांमुळे घराघरात आहे. त्याचा मुलगा अदी इब्न हातिम पैगंबरांचा सहाबी झाला. तय जमातीचे हे लोक शिकारी. अदी यांनी शिकवलेल्या कुत्र्यांनी केलेल्या शिकारीबद्दल विचारले, आणि मिळालेले उत्तर बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्याचा सारांश असा: नाव घेऊन सोडलेल्या शिकवलेल्या कुत्र्याने तुमच्यासाठी धरून ठेवलेले खा. त्याने स्वतः त्यातले खाल्ले असेल तर खाऊ नका, कारण मग त्याने ते स्वतःसाठी धरले होते.

कुत्रा ‘शिकला’ हे ओळखायचे कसे, हा पुढचा प्रश्न फकीहांनी फार बारकाईने हाताळला. शाफई मताप्रमाणे तीन खुणा: सोडले की जावे, थांबवले की थांबावे, धरलेले खाऊ नये. आणि हे एकदा घडून भागत नाही, भरवसा बसेपर्यंत पुन्हापुन्हा घडले पाहिजे. हनफींमध्ये अबू युसुफ आणि मुहम्मद यांनी तीनदा न खाण्याची अट घातली. इमाम अबू हनिफा यांचे मत मात्र असे नोंदवले आहे की आकडा बांधून देता येत नाही, अनुभवी शिकाऱ्याच्या अंदाजावर ते सोडावे.

आजच्या ट्रेनरच्या भाषेत या तीन खुणा म्हणजे ‘जा’, ‘थांब’ आणि ‘सोड’. त्या पुन्हापुन्हा, वेगवेगळ्या ठिकाणी तपासून घ्याव्यात, हेही आजचे चांगले ट्रेनर सांगतात.

‘हिदाया’तले एक वाक्य

फरगाना खोऱ्यातल्या मरगिनान गावच्या बुरहानुद्दीन मरगिनानी यांचा ‘हिदाया’ हा हनफी कायद्याचा प्रमाण ग्रंथ. मरगिनानी ११९७ साली वारले. हिंदुस्थानातल्या मदरशांत हा ग्रंथ शतकानुशतके शिकवला गेला. कंपनी सरकारच्या न्यायालयांना उपयोगी पडावा म्हणून चार्ल्स हॅमिल्टनने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, ते १७९१ मध्ये छापले गेले.

त्यातल्या शिकारीच्या प्रकरणात कुत्रा आणि बाझ यांची तुलना आहे. कुत्रा शिकला हे तो न खाण्यावरून ठरते, बाझ शिकला हे तो हाकेसरशी परत येण्यावरून. बाझाने सावजातले थोडे खाल्ले तरी चालते. असा भेद का? हिदायाकाराने दोन कारणे दिली आहेत. पहिले असे की, शिकणे म्हणजे आपली सवय सोडणे. बाझाचा स्वभाव माणसापासून दूर उडण्याचा, म्हणून तो परत आला तर शिकला. कुत्रा माणसाळलेलाच असतो, पण हिसकावण्याची त्याला सवय, म्हणून ती सोडली तर शिकला.

दुसरे कारण वाचताना मी थबकलो. बाझाचे शरीर मार सहन करू शकत नाही, कुत्र्याचे करू शकते, म्हणून सोडून देण्यासाठी कुत्र्याला मारता येते, असे ते कारण आहे.

मारल्याने कुत्रा जास्त चांगला शिकतो, असे मरगिनानी म्हणत नाहीत. एवढेच म्हणतात की त्याला मार झेपतो. आठशे वर्षांपूर्वीच्या एका कायदेपंडिताने, बहुधा हेतू नसताना, गोष्ट उघड करून ठेवली आहे. ज्याला मार सोसतो त्याला मारतात. ज्याला सोसत नाही त्याच्यासाठी माणूस दुसरा मार्ग शोधतो.

तो दुसरा मार्ग बाझदारांना पुरेपूर माहीत होता. बाझाला चापट मारली तर तो मरेल, किंवा सुटताच उडून जाईल, आणि पुन्हा दिसायचा नाही. म्हणून त्याला आधी हातातल्या दस्तान्यावर बसायची सवय लावायची, तिथेच मांसाचा तुकडा द्यायचा. मग एक हात अंतरावरून बोलवायचे, मग दहा हातांवरून, आधी दोरी बांधून आणि शेवटी मोकळे. प्रत्येक वेळी आल्याबरोबर तुकडा. बाझ परत येतो, कारण परत येणे त्याच्या फायद्याचे असते.

कोल्हापूरचे चित्तेवान

या परंपरेचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातही आहे. मुघल दरबारात चित्त्यांकडून हरणांची शिकार करण्याचा मोठा शौक होता. ‘आईन-ए-अकबरी’मध्ये अबुल फझलने चित्ते पकडणे, शिकवणे आणि त्यांचा रोजचा मांसाचा शिधा यांवर लिहिले आहे. पुढे संस्थानिकांनी तो शौक चालू ठेवला. कोल्हापूर संस्थानात चित्ते सांभाळणारी मुसलमान घराणी होती, चित्तेवान म्हणून ओळखली जाणारी. विसाव्या शतकात इथले चित्ते संपत आले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले.

चित्त्याला माणसांची सवय व्हावी म्हणून डोळ्यांवर टोपी घालून त्याला वर्दळीत बसवत. शिकारीत काळवीट पाडल्यावर तो त्याचा गळा धरून बसे. तो सोडवायचा कसा? काठी उगारून चित्त्याच्या तोंडातले सावज निघत नाही. सांभाळणारा शांतपणे जवळ जाई, लाकडी पळीत हरणाचे रक्त घेऊन त्याच्या नाकाशी धरी. चित्ता गळा सोडून पळीकडे वळला की डोळ्यांवर टोपी. पुढे त्याचा वाटा त्याला मिळे.

‘सोड’ शिकवायची ही रीत आजही तीच आहे. तोंडातली वस्तू हिसकावू नका, तिच्याहून चांगली वस्तू देऊन बदला. ज्यांना शाळेचा उंबरा माहीत नव्हता त्या चित्तेवानांना हे माहीत होते.

युरोप-अमेरिकेतला फेरा

आधुनिक कुत्रा-प्रशिक्षणाचा इतिहास याच वळणाने जातो, याचे मला आश्चर्य वाटले. जर्मन पोलीस अधिकारी कॉनराड मोस्ट याचे पुस्तक १९१० साली आले. पोलीस आणि लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणावर त्याचा फार प्रभाव पडला. त्यात दाब आणि जबरदस्तीला मोठे स्थान होते, काटेरी पट्टाही होता. १९६२ मध्ये अमेरिकेत विल्यम कोहलरचे पुस्तक निघाले. गळ्यातली साखळी आणि तिला हिसका, हा त्या पद्धतीचा गाभा. आपल्याकडे आजही पुष्कळ ट्रेनर नकळत कोहलरचेच शिष्य असतात.

दुसरा प्रवाह कुत्र्यांतून आलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर कबुतरांना दाणे देऊन बॉम्बला दिशा दाखवायला शिकवत होता. ती योजना प्रत्यक्षात वापरली गेली नाही, पण कबुतरे शिकली. त्याचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी हेच तंत्र कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत अनेक प्राण्यांवर चालवले. १९६० च्या दशकात हवाई बेटांवर कॅरन प्रायर डॉल्फिन शिकवू लागली. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी अडकवता येत नाही, आणि रागावलात तर तो सरळ पोहत निघून जातो. तिच्याकडे एक शिट्टी आणि बादलीभर मासे होते. बरोबर केले त्या क्षणी शिट्टी, मागोमाग मासा. १९८४ च्या ‘डोन्ट शूट द डॉग’ या पुस्तकातून तिने हे सर्वसामान्यांपर्यंत नेले, आणि पुढे शिट्टीच्या जागी टिकटिक वाजणारा क्लिकर घेऊन ही रीत कुत्र्यांपर्यंत पोहोचली.

पाहा, पुन्हा तेच. बाझ, चित्ता, कबुतर, डॉल्फिन. ज्यांना मारता येत नाही त्यांनीच माणसाला शिकवायला शिकवले. कुत्र्याची पाळी सगळ्यात शेवटी आली, कारण तो मार खाऊनही माणसाला सोडून जात नाही.

कुत्र्याच्या बाबतीतही एक काम असे आहे जिथे काठी चालत नाही. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर पोलिसांच्या झंजीर या लॅब्रेडॉरने स्फोटके हुडकली. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब त्याच्या नावावर नोंदले गेले. २००० साली तो वारला. त्या दिवसांच्या जखमा या शहरातल्या सगळ्या समाजांच्या अंगावर आहेत, आणि झंजीरने किती जणांचे प्राण वाचवले ते मोजता येणार नाही. वास शोधणाऱ्या कुत्र्याला वासाशी बक्षिसाची सांगड घालून तयार करतात. वास आला की नाही हे फक्त कुत्र्यालाच कळते, ते त्याच्याकडून मारून वदवून घेता येत नाही.

२०२० मध्ये पोर्तुगालच्या संशोधकांनी वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतल्या ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिसके आणि शिक्षा जिथे जास्त, तिथल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे जास्त दिसली, आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही जास्त सापडले. ज्या लाळेवर आपण एवढी चर्चा केली, तिच्यात ही तक्रारही असते.

मग ट्रेनर कसा निवडावा?

दुसऱ्या वेळी भावाबरोबर मीही गेलो. आम्ही तिघांना भेटलो. प्रत्येकाला चारच प्रश्न विचारले.

एक, कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय कराल? पहिला म्हणाला, “साहेब, ते आमच्यावर सोडा.” त्याला आम्ही सोडले. दोन, शिकवताना आम्ही समोर बसू का? जो नको म्हणतो त्याच्याकडे जायचे नाही, हे आम्ही शेरूच्या किमतीवर शिकलो होतो. तीन, आम्हाला शिकवाल का? कुत्रा वर्षभर मालकाजवळ राहणार, ट्रेनरजवळ नाही. ‘मुकल्लिब’ मालकालाच व्हावे लागते. चार, तुम्ही शिकवलेला एखादा कुत्रा दाखवाल का? तो दाखवला की कुत्रा काय करतो ते पाहू नका, ट्रेनर जवळ आल्यावर त्याची शेपटी कुठे जाते ते पाहा.

मनातल्या मनात मी पाचवा प्रश्नही विचारत होतो. या माणसाच्या हातावर बाझ बसवला तर तो टिकेल का?

तिसरा ट्रेनर तरुण होता. तो पहिल्या दिवशी शेरूजवळ गेलाच नाही. दहा हातांवर पाठ करून बसला आणि उकडलेल्या कोंबडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मागे टाकत राहिला. चौथ्या दिवशी शेरूने त्याच्या हातातून तुकडा घेतला. मग त्याने भावाला पुढे केले.

‘ये’ सगळ्यात आधी. दोन पावलांवरून बोलवायचे, आला की ‘शाब्बास’ आणि लगेच तुकडा. अंतर रोज थोडे वाढवायचे. बोलावून कधीही रागवायचे नाही, नाहीतर ‘ये’ हा शब्द कायमचा बिघडतो. मग ‘बस’: तुकडा नाकावरून डोक्याच्या मागे न्यायचा, मान वर गेली की ढुंगण आपोआप खाली टेकते. टेकल्याच्या क्षणी शाबासकी. ‘थांब’ आधी श्वासभर, मग दहा आकडे मोजेपर्यंत, मग शेळ्या समोरून जाईपर्यंत. ‘सोड’ चित्तेवानाच्या पळीसारखी, बदल्यात काहीतरी देऊन. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून तीन-चारदा. शेळ्यांजवळ सुरुवातीला लांब दोरी बांधूनच न्यायचे, म्हणजे मागे धावण्याची संधीच मिळत नाही.

चार महिने लागले. पहिल्या ट्रेनरने तीन आठवड्यांत जे मोडले ते दुरुस्त करण्यातच त्यातले दोन गेले. शेरू आता शेळ्यांबरोबर जातो, हाकेला येतो, रात्री भुंकतो. हात वर केला तर अजूनही डोळे मिटतो. ते बहुधा जाणार नाही.

हे सगळे भावाने जवळून पाहिले. त्याचा मुलगा सात वर्षांचा, संध्याकाळी मक्तबमध्ये जातो. परवा भाऊ तिथे जाऊन उस्तादजींना भेटून आला. उस्तादजी भले माणूस, पण त्यांच्या तिवईजवळ छडी असते. आम्हा दोघा भावांच्या तळहातांनीही ती चाखली आहे, आणि आम्ही ती सहन केली. भाऊ त्यांना अदबीने एवढेच म्हणाला, “उस्तादजी, माझ्या पोराला सबक आला नाही तर मला बोलवा, मी घरी बसवून घेईन. पण छडी नको.”

उस्तादजींनी थोडा वेळ विचार केला आणि छडी खिडकीत ठेवली. तिथे ती किती दिवस राहते ते बघायचे.